डबा रिकामा परतत नाही

१२ मार्च

त्या वॉर्डातल्या मुलांनो, आणि त्यांच्या आयांनो!

ताप उतरावा म्हणून आपण जिल्ह्याच्या इस्पितळात गेलो. ताप उतरला, आणि आपण एचआयव्ही घेऊन घरी आलो. एकच सुई साऱ्या खाटांवरून फिरली. जिने फिरवली आणि ज्याने फिरवू दिली, ते आज निवृत्त होऊन आपापल्या जर्दाळूच्या बागेत बसले आहेत. आणि लाज कुणाच्या दाराशी बांधली आहे? आपल्या! चोर मोकळा फिरतो आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच गाव विचारतं, तू कडी का लावली नव्हतीस?

थांब. पत्र फाडू नकोस. तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय. "अपा, समोर मी एकटी बसलेय. शंभर माणसं नाहीत." खरं आहे. शाळेत इतिहास शिकवला तोही फळ्यासमोर ओरडून, आणि पुढे चौकाचौकांत ओरडले. एका माणसाशी कसं बोलतात याचा सराव राहिलेला नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, हे एका अर्थी बरंच झालं. कागदावर तरी माझा आवाज चढत नाही.

काल एर्गेश येऊन गेला. गाडी धुतली, चाकं बदलली, आज दुपारी पुन्हा मॉस्कोला निघतोय. मला थोरली बहीण मानतो, म्हणून त्यालाच विचारलं, माझी मुलगी कशी आहे.

"एजे, तुमची लेक नाकातून बोलते," म्हणाला. "मी म्हटलं, सर्दी झाली का गं? तर म्हणते, आके, मॉस्कोत असंच बोलायचं असतं, इथली मोठी माणसं सगळी नाकातूनच बोलतात."

मला हसू आलं. मग त्याने स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं. "इथे जरा सुजलंय. दाढ असेल. पोरगी गोड फार खाते."

दाढ नाही ती. नाक बंद, गाल सुजलेला, आवाज बदललेला, म्हणजे सायनस. आपल्या खोऱ्यात हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सोबत जाडं मीठ पाठवते आहे आणि आजीने विणलेला उंटाच्या लोकरीचा मोजा. मीठ लोखंडी तव्यावर भाजायचं, तडतडायला लागलं की मोज्यात भरायचं आणि गालावर धरून ठेवायचं, थंड होईपर्यंत. खूप पोळलं तर कापड मध्ये घे. मीठ नसेल तेव्हा उकडलेलं अंडं, सालीसकट. माझं नाक असंच बरं झालं, तुझं लहानपणी असंच बरं झालं. मॉस्कोचं बारीक मीठ वापरू नकोस, ते लवकर निवतं.

गोळ्या नेहमीप्रमाणे चहाच्या डब्यात, तळाशी, कापडी पुरचुंडीत आहेत. वर चहा पसरलाय. एर्गेशला वाटतं मी तुला चहा पाठवते. त्याचं म्हणणं, "मॉस्कोत चहा मिळत नाही की काय?" मी म्हणते, "आईच्या हातचा मिळत नाही." तुला तिकडे दवाखान्यात जाऊन मागता येत नाहीत, कळलं तर देशाबाहेर काढतील, म्हणून इथे तुझ्या नावाच्या गोळ्या मी उचलते आणि गाडीतून पाठवते. त्या गोळ्या या जिल्ह्यात नव्हत्या, तुरसुनाय. आम्ही बारा-तेरा बाया हिवाळ्यात मैदानात धरणं धरून बसलो, तेव्हा आल्या. विसरू नकोस.

मागचा डबा मिळाला. उघडला तर वर चमकत्या कागदातली चॉकलेटं! कुणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही, हे तू रागातही विसरली नाहीस. आईशी बोलत नाहीस, पण आईचा डबा भरून पाठवतेस. मी एकही खाल्लं नाही. झाकण लावलं आणि कपाटावर ठेवलं, आधीच्या डब्यांच्या शेजारी. तू घरी येशील त्या दिवशी सगळे डबे जेवणाच्या दस्तरखानवर एकदम ओतीन. शेजारची बाई म्हणते, अनिपा, मुंग्या लागतील. म्हटलं, माझ्या घरच्या मुंग्यांची हिंमत आहे का?

तू अजून त्या कानातल्यांवरून रागावलेली आहेस. सोयरिकीला आलेली एल्दारची आई उठली, रुमालातून सोन्याची कानातली काढली, तुझ्या कानाला हात लावला, आणि मी तुझ्या आजाराचं बोलले. सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले. कानातली एकदा चढली की मुलगी त्यांची झाली. त्यानंतर सांगितलं असतं तर ती फसवणूक ठरली असती. तुझं म्हणणं, एल्दारला सगळं ठाऊक होतं आणि आपल्या आईला तो स्वतः सांगणार होता, सावकाश. सावकाश! आपल्याला सावकाशीनेच मारलं आहे. सावकाश चौकशी, सावकाश निकाल. मी आजही तेच करेन. हे वाचून तू दातओठ खाशील, खा. खोटं लिहून तुला परत मिळवायचं नाही मला.

एर्गेश हॉर्न वाजवतोय. मीठ चांगलं तापव.

तुझी अपा


९ एप्रिल

आज सकाळपासून फाटकापर्यंत किती खेपा घातल्या मोजल्या नाहीत. एर्गेश येणार होता, तो दुपारी आला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"एजे, आधी चहा तरी द्या. पाच दिवस कझाकांच्या मैदानाची धूळ खातोय."

"चहा नंतर. तिला पाहिलंस?"

"पाहिलं." त्याने डाव्या गालावर मूठ धरली. "एवढं."

"म्हणजे मिठाने उतरलं नाही?"

"उतरलं? मीठ बघून चढलं! ती तिच्या खोलीतली मुलगी, पेरीझात, रोज तवा तापवत होती. पेरीझात म्हणते, माझंच मीठ कमी तापलं असेल."

मी त्याला चहा दिला, पण त्याच्यासमोर बसवेना. उभ्या उभ्याच विचारत राहिले. तो सांगत गेला, आणि मी एकेक गोष्ट ओढून काढत गेले, विहिरीतून बादली ओढावी तशी. तू शिवणकारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन नाक-कानाच्या डॉक्टरकडे गेलीस. त्याने नाकातून सुई घालून हाड टोचलं, धुतलं. पू निघाला नाही, नुसतं रक्त. तो म्हणाला, पुन्हा ये. तू पुन्हा गेलीस. पुन्हा रक्त. उशीच्या अभ्र्यावर सकाळी डाग असतो, पण तो सुईच्या आधीपासूनच असतो. हे शेवटचं त्याला पेरीझातने सांगितलं, तू नाही.

"आणि जेवते का?"

"जेवते. पण वरच्या दाताखाली भाकर आली की दुसऱ्याच्या तोंडात चावल्यासारखं वाटतं म्हणते." एर्गेश हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला.

त्या डॉक्टरला तू सांगितलंस का, की तुला काय आहे? नाही सांगितलंस. मी विचारतेय कशाला! सांगितलं असतं तर आज मॉस्कोत नसतीस. मी कुठेतरी वाचलं होतं, जुन्या काळी काही शहरांत महारोग्यांच्या हातात घंटा द्यायचे. वाजवत चाला म्हणजे लोक बाजूला होतील. आता घंटा देत नाहीत. आता असं करून ठेवलंय की माणूस स्वतःच ती घंटा गिळतो आणि पोटात वाजू नये म्हणून श्वास धरून चालतो. ज्या कायद्यामुळे आजारी माणसाला डॉक्टरशी खोटं बोलावं लागतं तो कायदा आजार थांबवतो की पसरवतो? मला कुणीतरी या प्रश्नाचं उत्तर द्या! बरं. तुला नकोय हे. तुला तुझ्या गालाचं सांगायला हवंय, आणि मला त्यातलं काही कळत नाही.

मला एवढं कळतं, की तू गोळ्या घेतेस. गोळ्या घेणाऱ्याला मोठं काही होत नाही, हे मीच आयांना सभांमध्ये सांगत आले आहे. तेव्हा हे साधंच असणार. शेक चालू ठेव. मीठ आणखी तापव.

एक गोष्ट एर्गेश निघता निघता बोलला. फाटकात उभा राहून.

"हो, एजे, विसरलो. तिने विचारलंय, चॉकलेटं आवडली का. दोनदा विचारलं. मी म्हटलं, तुझी अपा खात नाही, जपून ठेवते. तर गप्पच बसली."

"पुढच्या वेळी सांग, एकूण एक जपून ठेवली आहेत."

"सांगतो. पण एजे, एखादं खा की. पोरीचं मन राहील."

या वेळचा डबा जड आहे. जास्त भरलास का? त्यालाही रांगेत ठेवलं आहे. कपाट आता दुकानासारखं दिसतं.

अपा


२२ एप्रिल

हे पत्र एर्गेशच्या गाडीने येणार नाही, त्याची पुढची खेप अजून लांब आहे. कसं येईल ते मला अजून ठाऊक नाही. लिहिते आहे, कारण हात थांबत नाहीत.

तुझ्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला आज एचआयव्हीच्या सेंटरवर गेले. डॉक्टर बुरुल तुला आठवते ना? मोठ्या आवाजाची, सूर्यफुलाच्या बिया खात खात रिपोर्ट वाचणारी. मी दारातूनच कायद्याबद्दल सुरू केलं. तिने हात वर केला.

"एजे, आज भाषण नको. बाहेर रांग आहे. गोळ्या घ्या आणि पोरगी कशी आहे ते सांगा."

मी सांगितलं. सायनसचा त्रास, थोडी सूज. ती बिया चघळत होती. मग चघळणं थांबलं.

"एकाच बाजूचं नाक बंद?"

"हो. डावं."

"रक्त?"

"सुईनंतर."

"सुईआधी?"

मी म्हटलं, "उशीला डाग असतो."

"वरचे दात बधिर?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. डोळा?"

"डोळ्याचं माहीत नाही."

तिने बियांची पुडी बंद केली आणि खणात ठेवली. तुरसुनाय, या बाईने आपल्या वॉर्डातल्या मुलांचे पहिले रिपोर्ट माझ्यासमोर वाचले होते, तेव्हाही तिने पुडी बंद केली होती.

"नीट ऐका," ती म्हणाली. "मी मुलीला पाहिलेलं नाही, त्यामुळे तेच आहे असं म्हणत नाही. पण एचआयव्ही असलेल्यांमध्ये, विशेषतः औषध सुटलं की, कधी कधी सायनसच्या पोकळीत गाठ वाढते. लिम्फोमा. कॅन्सरच तो. दिसायला अगदी सुजलेल्या सायनससारखा. नाक-कानाच्या डॉक्टरला बाकी काही माहीत नसेल तर तो बिचारा सुईच घालणार, आणि सुईतून रक्तच येणार. वर्षभर टोचली तरी सुईने हे कळायचं नाही. आतला तुकडा काढून तपासावा लागतो."

"आणि शेक?"

"कसला शेक?"

"मिठाचा."

"कुणी सांगितला?"

मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा. तिला कळलं.

"बंद करा आजच. आत काय आहे ते माहीत नसताना शेकत नाहीत."

"बरा होतो का तो?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या तोंडून इतक्या बारीक आवाजात निघाला, की तिला पुढे वाकावं लागलं.

"झपाट्याने वाढतो. पण बऱ्याच जणांत औषधालाही झपाट्याने वाकतो. वेळेवर पकडला तर, आणि विषाणूच्या गोळ्या चालू असल्या तर. डोळ्याकडे, मेंदूकडे सरकला की वाट अरुंद होते. म्हणून म्हणते, आजचं उद्यावर टाकू नका."

"मग तो नाहीच तिला! ती गोळ्या घेते. औषध सुटलेल्यांना होतो म्हणालीस ना?"

"घेते कशावरून?"

"माझी मुलगी आहे ती."

"एजे," बुरुल म्हणाली, "हे व्यासपीठावरचं उत्तर झालं."

मी चिडून उठले. तिला दोन शब्द सुनावले, रांगेतल्या बायांनी ऐकले असतील. बसमध्ये बसून सगळ्या रस्त्याने मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते, आणि भांडणात जिंकतही होते. मग आपलं वळण आलं, आणि कुठूनतरी एर्गेशचा आवाज आला. दोनदा विचारलं.

घरी आले. कोट काढला नाही, बूट काढले नाहीत. कपाटासमोर उभी राहिले. शेवटचा डबा, तो जड, आधी खाली काढला. दस्तरखान न पसरता तसाच जमिनीवर पालथा केला.

वर चॉकलेटं. त्यांच्याखाली माझा मोजा, मिठाने भरलेला, लोकरीवर सुकलेला तपकिरी डाग. त्याच्याखाली माझ्या हाताने शिवलेली पुरचुंडी. माझ्या हाताने मारलेली गाठ. सुटलेली नाही.

दुसरा डबा. चॉकलेटं, पुरचुंडी, गाठ.

तिसरा. चौथा. मागे, मागे, शरद ऋतूपर्यंत.

जमिनीवर चॉकलेटांचा ढीग पडला आहे आणि मी त्याच्या शेजारी बसून हे लिहिते आहे. तू मला प्रत्येक खेपेला सांगत होतीस. ज्या घरात भांडं रिकामं परत करायचं नाही असं शिकवलं, त्याच घरच्या मुलीने भांड्यात खरं भरून पाठवलं. आणि मी ते शोभेला मांडून ठेवलं! साऱ्या जगाला मी उघडं करून दाखवत आले, आणि माझ्याच कपाटावरचं एक झाकण उचललं नाही. उलट निरोप काय धाडला? एकूण एक जपून ठेवली आहेत!

यानंतर तुला जे लिहिलं होतं ते पान मी चुलीत घातलं. त्यात ओरडणं होतं. का, का, का, एवढंच होतं. ते तू वाचू नयेस.


२४ एप्रिल

एर्गेशकडून पेरीझातचा नंबर घेतला. त्याने विचारलं, "काय झालं एजे?" म्हटलं, "चहा संपला." त्याने नंबर दिला.

पेरीझातने फोन उचलला तेव्हा मागे शिलाई मशिनांचा आवाज होता.

"एजे? तुरसुनाय शेजारीच बसलीय. पण फोन नको म्हणते."

"तिला म्हण, पाच मिनिटं."

कुजबुज झाली. मग पेरीझात म्हणाली, "म्हणते, अपाला लिहू दे. अपा बोलायला लागली की मला सभेत मागच्या रांगेत बसल्यासारखं वाटतं."

ठीक आहे. मी म्हटलं, "मी चिडलेली नाही. फक्त विचार, गोळ्या का परत पाठवल्या."

आता कुजबुज बराच वेळ चालली. मशिनं थांबली. मी फोन कानाला इतका दाबला होता, की कान दुखायला लागला.

"म्हणते, खोलीत आम्ही आठ जणी. आधी लपून घ्यायची. मग एकदा मालकिणीचं काहीतरी चोरीला गेलं, तिने सगळ्यांच्या गाद्या उलट्या केल्या. त्या दिवशी वाचली, पण तेव्हापासून हिंमत नाही झाली." पेरीझातचा आवाज बदलला. "म्हणते, कचऱ्यातही टाकवेनात. अपा त्यांच्यासाठी बर्फात मैदानात बसली होती. म्हणून परत पाठवल्या."

पेरीझातला वाटलं फोन कटला.

"एजे? आहात ना? आणखी एक सांगते, ही ऐकतेय तरी सांगते. हिला काय आहे ते मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. मी ओशची आहे एजे, तुम्हाला टीव्हीवर बघत मोठी झालेय. आडनाव ऐकलं आणि कळलं. ही वेडी मला घाबरून गोळ्या बंद करते! एकदा विचारलं असतं तर माझ्या उशीत शिवून ठेवल्या असत्या."

मग मागून तुझा आवाज आला. सात महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. नाकातून, जाड, ओळखू न येणारा. "गप्प बस गं, अपाला रडवशील." एवढंच. पण ऐकलं मी.

नंतर पेरीझातने जिन्यात जाऊन बाकीचं सांगितलं. तुझा डावा डोळा पुढे आला आहे. दोन दिवसांपासून. डॉक्टरने शुक्रवारी तिसरी सुई ठरवली आहे.

आता ऐक. या पानांचे फोटो काढून तिच्या फोनवर पाठवते आहे. तुला हवं तेव्हा वाच, हवं तिथे थांब, मी मध्ये बोलू शकत नाही.

बुरुलकडे काल पुन्हा गेले. मुकाट्याने रांगेत बसले. बाया एकमेकींना कोपरांनी ढोसत होत्या, अनिपाला बरं नाही की काय. बुरुलला डब्यांचं सांगितलं. तिने सरळ फोन उचलला. ओशला कॅन्सरच्या वॉर्डात एक सर्जन आहे, तिच्याबरोबर शिकलेला. तुझं सगळं तिने त्याला सांगून टाकलं आहे. तू पोचशील तेव्हा तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. कुणी विचारणार नाही, कुठून आलं, कसं आलं. तो आतला तुकडा काढेल आणि तपासायला पाठवेल. तोच आजार निघाला तर औषध सुरू होईल, गोळ्या पहिल्या दिवसापासून सुरू होतील. दुसरं काही निघालं तर मी बुरुलला आपल्या बागेतले जर्दाळू नेऊन देईन आणि सगळ्या रांगेसमोर तिची माफी मागेन. विमान चालेल का, तेही विचारलं. चालेल म्हणाली. उशीर चालणार नाही.

तुला काय भीती आहे ते मला कळतं. मॉस्को जाईल, मशीन जाईल. गाव पुन्हा तुझ्याकडे तसं बघेल. आणि त्याहून मोठी भीती मी आहे. विमानतळावर अपा सगळ्या आयांना घेऊन उभी असेल, हातात फलक, शेजारी कॅमेरा. "पाहा, त्या इस्पितळाने माझ्या मुलीचं काय केलं!" तू हे विमानाच्या खिडकीतून आत्ताच पाहते आहेस. खोटं कशाला बोलू, चार दिवसांपूर्वीही मी ते केलं असतं.

मी जे मानते ते मानतेच. ज्यांनी ती सुई फिरवली त्यांची नावं मी मरेपर्यंत घेईन. पण हा गाल तुझा आहे. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, सावकाश की घाईने, हे तू ठरवायचं. एल्दारच्या बाबतीत हे तू ठरवायला हवं होतंस, असं अजूनही माझ्या तोंडून निघत नाही. कागदावर निघालं, एवढं पुरे कर. विमानतळावर मी एकटी असेन. एर्गेश गाडी घेऊन बाहेर थांबेल, त्याला मी सांगितलंय की तुला दाढेचा त्रास आहे. वॉर्डाच्या दारात बाकावर बसेन. कुणी काही विचारलं तर म्हणेन, मुलीला विचारा. एवढी गप्प बसेन की नर्सला वाटेल ही बाई मुकी आहे. हसतेस ना? हस. गाल दुखत असेल तरी हस.

तुझ्या आधीची दोन बाळं राहिली नव्हती, म्हणून तुझं नाव तुरसुनाय ठेवलं. राहा गं बाई, असं दर हाकेला म्हणायचं. त्या नावाने मी तुला हजारो लोकांसमोर पुकारलं. आता एकदाच, कुणी ऐकत नसताना पुकारते.

मोजा धुतला आहे, मीठ ओतून दिलं आहे. पुरचुंड्या सगळ्या सोडून बुरुलला परत नेऊन दिल्या, तिने ताज्या दिल्या, त्या तुझ्या पलंगाशी आहेत, उघड्यावर, पेल्याशेजारी. आपल्या घरात त्या लपवायच्या नाहीत. डबे घासून पालथे घातले आहेत. चॉकलेटं एका परातीत ओतली, खरंच खूप आहेत. आज सकाळी एक खाल्लं. बदाम होता आत. आवडलं.

तिकीट पेरीझातच्या फोनवर आलेलं आहे. शुक्रवारच्या सुईला जाऊ नकोस. पेरीझात तुला विमानतळावर सोडेल, तिने कबूल केलं आहे. या खेपेला डबा नको, चॉकलेट नको, मॉस्कोचं काही नको. रिकाम्या हाताने ये. आपल्याकडे तसं येत नाहीत, तरीही ये.

शनिवारच्या सकाळी, ओशच्या विमानात बस.